हत्तीरोगाचे निदान व दुरीकरण : संशोधनाचे अग्रक्रम

हत्तीरोग (लसीका फायलेरियासिस; आयुर्वेदीय नाव श्लीपद) हा सूत्रकृमींमुळे होणारा आणि डासांमार्फत पसरणारा उष्ण कटिबंधातील एक परजीवीजन्य रोग आहे. या रोगाचे प्रौढ कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत राहतात व त्या वाहिन्या हळूहळू निकामी करतात. परिणामी हातापायांना कायमची सूज येते, पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते आणि रुग्णाची काम करण्याची क्षमता कमी होते. हा रोग सहसा प्राणघातक नसतो. मात्र जगात दीर्घकालीन अपंगत्व आणणाऱ्या प्रमुख रोगांमध्ये त्याची गणना होते.

हत्तीरोगाचा प्रसार रोखणारी औषधे स्वस्त व बहुतांशी सुरक्षित आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा दुरीकरण कार्यक्रम २००० सालापासून चालू आहे. तरीही अनेक जिल्ह्यांत तो अखेरच्या टप्प्यात रेंगाळला आहे. संसर्ग नेमका कोणाला आहे, औषधवाटप केव्हा थांबवावे आणि थांबवल्यानंतर रोग परत येत आहे हे वेळीच कसे ओळखावे, या तीन प्रश्नांची खात्रीशीर उत्तरे देणारी साधने अपुरी आहेत, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे हत्तीरोगावरील संशोधनात निदानाला अग्रस्थान मिळाले आहे.

रोगकारक व जीवनचक्र

हत्तीरोग तीन जातींच्या सूत्रकृमींमुळे होतो : वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, ब्रुगिया मलायी आणि ब्रुगिया तिमोरी. जगातील सुमारे ९० टक्के संसर्ग वुचेरेरिया बँक्रॉफ्टीमुळे होतात. भारतातही हीच जात प्रमुख आहे. ब्रुगिया मलायी ही मुख्यतः केरळच्या किनारी भागातील काही क्षेत्रांत आढळली आहे.

प्रौढ मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब व दोऱ्यासारखी बारीक असते; नर सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो. नर-मादी लसीकावाहिन्यांत एकत्र राहतात आणि अनेक वर्षे जगतात. या काळात मादी लक्षावधी सूक्ष्म अळ्यांना जन्म देते. या अळ्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. त्या पाव मिलिमीटरहून किंचित लांब असतात आणि रक्तप्रवाहात फिरतात. रक्त पिताना डासाच्या पोटात गेलेल्या अळ्या १० ते १४ दिवसांत वाढून संसर्गक्षम होतात. असा डास पुन्हा चावला की त्या त्वचेवर उतरतात व दंशाच्या छिद्रातून शरीरात शिरतात.

या जीवनचक्राची तीन वैशिष्ट्ये दुरीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, डासाच्या शरीरात या अळ्यांची संख्या वाढत नाही. एका चाव्याने हिवताप होऊ शकतो. हत्तीरोगाचा संसर्ग जडण्यासाठी मात्र फार मोठ्या संख्येने चावे व्हावे लागतात. रंगून येथील माहितीच्या आधारे १९६८ साली मांडलेल्या एका गणितानुसार रक्तात अळ्या दिसू लागेल असा एक नवा संसर्ग घडण्यासाठी सरासरी १५,५०० संसर्गक्षम डासांचे चावे लागतात. दुसरे, प्रजननासाठी एकाच माणसाच्या शरीरात नर व मादी दोन्ही असावे लागतात. तिसरे, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी ही जात माणसाखेरीज अन्य प्राण्यांत टिकून राहत नाही. यामुळे लोकसंख्येतील अळ्यांचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले की प्रसार आपोआप खुंटेल, अशी अपेक्षा धरता येते. दुरीकरणाचा सारा आराखडा या अपेक्षेवर उभा आहे.

ही मर्यादा सर्वत्र सारखी नसते. आफ्रिकेच्या ग्रामीण भागात ॲनोफिलिस डास रोग पसरवतो. रक्तातील अळ्या विरळ झाल्या की त्यांपैकी फारच थोड्या या डासात जगतात. भारतात मुख्य वाहक असलेला क्यूलेक्स क्विंकिफॅसिॲटस हा डास आणि पॅसिफिक बेटांवरील एडिस जातीचे डास अत्यल्प अळ्या असलेल्या रक्तातूनही संसर्ग पुढे नेऊ शकतात. त्यामुळे अशा प्रदेशांत संसर्ग अधिक खालच्या पातळीपर्यंत उतरवावा लागतो, आणि इतक्या खालच्या पातळीवरचा संसर्ग मोजणे निदानशास्त्राला अवघड जाते.

शोधाचा इतिहास

सुश्रुतसंहितेत श्लीपद या नावाने या रोगाचे वर्णन आढळते. आधुनिक काळात १८६३ साली पॅरिस येथे देमार्के यांनी अंडवृद्धीच्या द्रवात या अळ्या प्रथम पाहिल्या. ओटो वुचरर यांना १८६६ साली ब्राझीलमधील बाहिया येथे रुग्णाच्या लघवीत, तर टिमोथी लुईस यांना १८७२ साली कलकत्ता येथे रक्तात त्या आढळल्या. जोसेफ बँक्रॉफ्ट यांनी १८७६ साली ऑस्ट्रेलियात प्रौढ कृमी शोधून काढला. पुढच्याच वर्षी पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे या अळ्या डासाच्या शरीरात वाढतात, हे दाखवून दिले. कीटकाच्या शरीरात माणसाच्या रोगकारकाची वाढ होते, याचा हा आद्य पुरावा होता. पुढे रोनाल्ड रॉस यांनी हिवतापावर केलेल्या कामाला मॅन्सन यांच्या विचारांची प्रेरणा होती.

डायएथिलकार्बामाझिन (डीईसी) हे औषध १९४७ साली पुढे आले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत झालेल्या या कामाशी भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगड सुब्बाराव यांचे नाव जोडलेले आहे. हत्तीरोगावरील उपचारात हे औषध आजही पायाभूत आहे.

दुरीकरणाचे धोरण

‘निर्मूलन’ आणि ‘दुरीकरण’ या संज्ञांत फरक केला जातो. देवीप्रमाणे रोगाचे जगातून कायमचे उच्चाटन होणे म्हणजे निर्मूलन. हत्तीरोगाबाबतचे उद्दिष्ट ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दुरीकरण’ असे मर्यादित आहे. औषधवाटप थांबवल्यानंतर किमान चार वर्षे संसर्ग ठरावीक मर्यादेखाली राहणे आणि विकृती आलेल्या रुग्णांसाठी उपचारसेवा उपलब्ध असणे, या दोन अटी पूर्ण करणाऱ्या देशाला जागतिक आरोग्य संघटनेकडून मान्यता मिळते.

१९९७ साली जागतिक आरोग्य सभेने याविषयीचा ठराव केला आणि २००० साली जागतिक कार्यक्रम सुरू झाला. बाधित क्षेत्रातील सर्व पात्र व्यक्तींना, त्यांना संसर्ग आहे की नाही हे न तपासता, वर्षातून एकदा औषधे देणे हे त्याचे मुख्य सूत्र आहे. यास सामुदायिक औषधोपचार मोहीम म्हणतात. बहुतेक देशांत डीईसी व अल्बेंडाझोल ही औषधे दिली जातात. नदीअंधत्वाचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी देशांत डीईसीमुळे डोळ्यांना इजा होण्याचा धोका असल्याने त्याऐवजी आयव्हरमेक्टिन वापरतात. क्षेत्रातील एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी प्रत्यक्ष औषध घेतले तरच ती फेरी परिणामकारक मानली जाते.

कार्यक्रमाच्या प्रारंभी जगात सुमारे १२ कोटी लोकांना संसर्ग असल्याचा अंदाज होता. २०१८ साली हा आकडा सुमारे ५ कोटी १० लाखांवर आला. चीनने २००७ साली व दक्षिण कोरियाने २००८ साली दुरीकरण जाहीर केले. चीनमध्ये डीईसीमिश्रित मीठ हे या यशाचे एक साधन ठरले. त्यानंतर श्रीलंका, मालदीव, थायलंड, इजिप्त, टोगो, मलावी, बांगलादेश, लाओस, ब्राझील इत्यादी देशांना मान्यता मिळाली.

प्रचलित निदानपद्धती

रात्रीची रक्ततपासणी : वुचेरेरिया बँक्रॉफ्टीच्या अळ्या दिवसा फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत थांबतात व रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. वाहक डास रात्री चावतो, त्याच्याशी हे वेळापत्रक जुळते. त्यामुळे रात्री १० ते २ या वेळेत बोटातून रक्त घेऊन काचपट्टीवर जाड लेप करतात व रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही पद्धत स्वस्त असून माणसाकडून डासाला संसर्ग होण्याची शक्यता तीच थेट दाखवते. मात्र लेपासाठी केवळ ६० मायक्रोलिटर रक्त वापरले जात असल्याने विरळ संसर्ग सहज निसटतो. शिवाय रात्री घरोघरी जाऊन रक्त घेणे कर्मचाऱ्यांना कष्टाचे व लोकांना गैरसोयीचे असते. सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून एक मिलिलिटर रक्त गाळून तपासल्यास संवेदनशीलता वाढते. परंतु मोठ्या सर्वेक्षणात हे व्यवहार्य ठरत नाही.

प्रतिजन चाचणी : प्रौढ कृमींनी रक्तात सोडलेले प्रतिजन ओळखणाऱ्या या चाचण्या दिवसा कोणत्याही वेळी करता येतात. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तावर चाचणी-पट्टीने सुमारे दहा मिनिटांत निष्कर्ष मिळतो. त्यांनी सर्वेक्षणाचे स्वरूप पालटले. मात्र त्यांना तीन मर्यादा आहेत. उपचारानंतर रक्तातील अळ्या नाहीशा झाल्या तरी प्रतिजन अनेक महिने, कधी कित्येक वर्षे टिकून राहते. ब्रुगियाच्या संसर्गात या चाचण्या उपयोगी पडत नाहीत. तसेच मध्य आफ्रिकेत आढळणाऱ्या लोआ लोआ या अन्य कृमीचा तीव्र संसर्ग असल्यास त्या चुकून सकारात्मक येऊ शकतात.

प्रतिपिंड चाचणी : शरीराने कृमींविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे संसर्गाच्या सुरुवातीच्या काळातच दिसू लागतात. ब्रुगिया संसर्गाच्या सर्वेक्षणात अशी चाचणी प्रमाण मानली जाते. प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकत असल्याने आजचा संसर्ग व पूर्वीचा संपर्क यांत भेद करता येत नाही. तथापि औषधवाटप थांबल्यानंतर जन्मलेल्या बालकांत प्रतिपिंडे आढळली, तर नवा प्रसार चालू असल्याचा तो संकेत ठरतो.

रेणवीय व प्रतिमा तपासणी : पॉलिमरेज साखळी अभिक्रियेने कृमीच्या डीएनएचा अत्यल्प अंशही ओळखता येतो. श्राव्यातीत तपासणीत लसीकावाहिन्यांतील जिवंत कृमींची वळवळ प्रत्यक्ष दिसते. तिला ‘फायलेरिया नृत्य’ असे म्हणतात. प्रौढ कृमी जिवंत असल्याची खात्री देणारी ही जवळपास एकमेव अशस्त्रक्रिया पद्धत आहे. परंतु तिला कुशल तंत्रज्ञ लागतो व ती प्रामुख्याने पुरुषांच्या वृषणकोशापुरती उपयोगी आहे.

औषधवाटप थांबवण्याचा निर्णय

किमान पाच परिणामकारक फेऱ्या पूर्ण झाल्यावर ‘संक्रमण मूल्यमापन सर्वेक्षण’ केले जाते. त्यात ६ ते ७ वर्षे वयाच्या बालकांची प्रतिजन किंवा प्रतिपिंड चाचणी करतात. ही बालके मोहिमेच्या काळातच वाढलेली असल्याने त्यांच्यात संसर्ग आढळला तर प्रसार चालू आहे, असा निष्कर्ष काढता येतो. क्यूलेक्स व ॲनोफिलिसच्या क्षेत्रात प्रतिजनाचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी, तर एडिसच्या क्षेत्रात १ टक्क्याहून कमी असल्यास औषधवाटप थांबवले जाते. त्यानंतर हे सर्वेक्षण आणखी दोनदा करतात.

या पद्धतीच्या मर्यादा अमेरिकन सामोआ या पॅसिफिक बेटसमूहावर उघड झाल्या. तेथे २००० ते २००६ या काळात औषधवाटप झाले. २०११ व २०१५ सालची दोन सर्वेक्षणे उत्तीर्ण झाली. २०१६ सालच्या तिसऱ्या सर्वेक्षणात मात्र प्रसार पुन्हा सुरू झाल्याचे दिसले. दरम्यानच्या संशोधनात प्रौढांमधील संसर्ग बालकांपेक्षा बराच अधिक व काही वस्त्यांत एकवटलेला आढळला होता. संपूर्ण क्षेत्राची सरासरी काढल्याने हे संसर्गाचे कप्पे झाकले गेले होते. तेथे पुन्हा औषधमोहीम हाती घ्यावी लागली.

यातील धोका दुहेरी आहे. औषधवाटप लवकर थांबवले तर काही वर्षांत रोग परततो आणि तोपर्यंत निधी, कर्मचारी व लोकांचा उत्साह ओसरलेला असतो. उलट अनावश्यक सावधगिरीने ते चालू ठेवले तर निरोगी लोकांना वर्षानुवर्षे औषधे घ्यावी लागतात व अन्य आरोग्यसेवांची साधने त्यात गुंततात.

संशोधनाचे अग्रक्रम

अधिक विशिष्ट चाचणी

संसर्ग विरळ होऊ लागला की चाचणीच्या थोड्या चुकाही निर्णय बिघडवतात. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एखाद्या चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के व विशिष्टता ९८ टक्के आहे आणि १०,००० लोकांच्या गटात १ टक्का, म्हणजे १०० जणांना संसर्ग आहे. चाचणी त्यांपैकी ९५ जणांना ओळखेल. त्याचबरोबर उरलेल्या ९,९०० निरोगी व्यक्तींपैकी १९८ जणांनाही बाधित ठरवेल. म्हणजे सकारात्मक आलेल्या दर तिघांपैकी साधारण दोघे निरोगी असतील. संसर्ग ०.१ टक्क्यावर आला, तर खऱ्या ९ ते १० रुग्णांसोबत सुमारे २०० निरोगी लोक बाधित ठरतील. मोहिमेच्या आरंभी उत्तम वाटणारी चाचणी अखेरच्या टप्प्यात अपुरी पडते ती यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हत्तीरोगाच्या चाचण्यांसाठी अपेक्षित गुणधर्मांचे आराखडे प्रसिद्ध केले. त्रिऔषध मोहीम थांबवण्याचा निर्णय आणि त्यानंतरची देखरेख या दोन उपयोगांसाठी ते वेगवेगळे आहेत. एकच चाचणी दोन्ही प्रश्नांना पुरणार नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

जिवंत व प्रजननक्षम कृमी ओळखणारा दर्शक

औषधांमुळे अनेकदा प्रौढ कृमी मरत नाहीत. काही काळ वंध्य होतात. अशा व्यक्तीची प्रतिजन चाचणी सकारात्मक येते, परंतु तिच्यापासून डासाला संसर्ग होत नाही. याउलट मादी पुन्हा प्रजननक्षम झाली तरी ते प्रतिजन चाचणीतून कळत नाही. त्यामुळे मायक्रोफायलेरिया किंवा प्रजननक्षम मादी यांच्याकडून स्रवणारा आणि दिवसा घेतलेल्या रक्तात, शक्य झाल्यास लघवीत, ओळखता येणारा रेणू शोधणे हा संशोधनाचा महत्त्वाचा विषय आहे. असा दर्शक मिळाल्यास रात्रीच्या रक्ततपासणीची गरज बरीच कमी होईल.

प्रौढांचे सर्वेक्षण व नमुनानिवड

त्रिऔषध मोहिमेच्या क्षेत्रांत २० वर्षांवरील प्रौढांची प्रतिजन चाचणी करून सकारात्मक आलेल्यांचे रक्त रात्री तपासण्याची पद्धत सुचवली गेली आहे. रक्तात अळ्या असलेल्यांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी असणे ही तेथील कसोटी आहे. किती वस्त्या निवडाव्यात, जोखमीच्या वस्त्या मुद्दाम निवडाव्यात की यादृच्छिक पद्धतीने, एका वस्तीत रुग्ण आढळल्यास शेजारच्या किती घरांची तपासणी करावी, या प्रश्नांवर संख्याशास्त्रीय संशोधन चालू आहे.

डासांमार्फत देखरेख

डास पकडून त्यांच्यातील परजीवीचा डीएनए तपासण्याच्या पद्धतीत लोकांचे रक्त घ्यावे लागत नाही. घाण पाण्यात वाढणारा व घराच्या आसपास विपुल सापडणारा क्यूलेक्स डास यास सोयीचा आहे. डासात डीएनए सापडला म्हणजे तो डास संसर्ग पसरवतोच असे नाही. त्याने संसर्ग असलेल्या कोणा माणसाचे रक्त प्यायले आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. त्यामुळे डासांमधील प्रमाण व माणसांमधील प्रमाण यांचा मेळ घालून निर्णयासाठी मर्यादा ठरवणे, तसेच जिल्हा प्रयोगशाळेत करता येईल इतकी ही चाचणी सोपी करणे आवश्यक आहे.

प्रौढ कृमी मारणारी औषधे

डीईसी, अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन ही तीन औषधे एकत्र दिल्यास परिणाम अधिक काळ टिकतो, हे पापुआ न्यू गिनी येथील चाचण्यांत दिसले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका मात्रेनंतर एक वर्षाने सुमारे ९६ टक्के रुग्णांच्या रक्तात अळ्या नव्हत्या. दोन औषधांच्या एका मात्रेनंतर हे प्रमाण ३२ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ठरावीक क्षेत्रांसाठी त्रिऔषध पद्धतीची शिफारस केली.

तथापि प्रौढ कृमींना खात्रीने मारणारे व एका मात्रेत देता येणारे औषध अद्याप नाही. या कृमींच्या पेशींत वोल्बाखिया हे सहजीवी जीवाणू असतात व त्यांच्याविना मादीचे प्रजनन थांबते. त्यामुळे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चार ते सहा आठवडे दिल्यास कृमी वंध्य होतात व पुढे मरतात. इतका दीर्घ उपचार गावोगावी देणे अवघड असून गर्भवती स्त्रिया व लहान मुलांना तो देता येत नाही. त्यामुळे वोल्बाखियावर अल्पकाळात परिणाम करणारी औषधे शोधली जात आहेत. आयव्हरमेक्टिनपेक्षा शरीरात अधिक काळ टिकणाऱ्या मॉक्सिडेक्टिनचीही चाचणी होत आहे.

लोआ लोआ असलेल्या प्रदेशांतील सुरक्षितता

मध्य आफ्रिकेत लोआ लोआच्या अळ्या रक्तात मोठ्या संख्येने असलेल्या व्यक्तीने आयव्हरमेक्टिन घेतल्यास मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. कॅमेरूनमध्ये भ्रमणध्वनीला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाने जागच्या जागी रक्त तपासून धोक्यातील व्यक्तींना वगळण्याचा प्रयोग झाला. १५ हजारांहून अधिक लोकांना औषध दिले गेले व एकावरही असा गंभीर परिणाम झाला नाही. वेळेत झालेले निदान उपचार सुरक्षित करते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. त्याचा खर्च कमी करणे हे पुढचे आव्हान आहे.

औषध न घेणाऱ्यांचा अभ्यास

दरवर्षी वेगवेगळे लोक औषध चुकवत असतील तर त्याचा परिणाम मर्यादित राहतो. तेच लोक प्रत्येक फेरीत चुकवत असतील, तर त्यांच्यातील संसर्ग अबाधित राहतो व प्रसार चालू राहतो. स्थलांतरित मजूर, वीटभट्ट्यांवरील व बांधकामावरील कुटुंबे, शहरांतील बंद सोसायट्यांमधील रहिवासी आणि दिवसभर बाहेर असणारे कष्टकरी पुरुष मोहिमेत सुटण्याची शक्यता अधिक असते. अनेक जण ‘आपल्याला काही झालेले नाही’ म्हणून गोळ्या नाकारतात. रक्तात अळ्या असलेल्या बहुतेकांना कोणतेही बाह्य लक्षण नसते, ही येथील खरी अडचण आहे.

औषधानंतर काहींना ताप, अंगदुखी, मळमळ किंवा चक्कर येते. रक्तातील अळ्या मरू लागल्याने ही प्रतिक्रिया होते व सहसा एक-दोन दिवसांत शमते. म्हणजे ज्यांना त्रास होतो त्यांनाच बहुधा औषधाची सर्वाधिक गरज असते. हे आधी समजावून सांगितले नाही तर एका घरातील अनुभवामुळे सारी वस्ती पुढच्या वर्षी गोळ्या नाकारते. गोळ्यांचे वाटप व त्यांचे प्रत्यक्ष सेवन यांतील तफावत मोजणे व तिची सामाजिक कारणे समजून घेणे, हाही त्यामुळे वैज्ञानिक संशोधनाचाच भाग मानला जातो.

भारत व महाराष्ट्र

जगातील हत्तीरोगाच्या एकूण भारापैकी सुमारे ४० टक्के भार भारतावर असल्याचा अंदाज दिला जातो. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०१५ पर्यंत दुरीकरणाचे लक्ष्य ठेवण्यात आले व २००४ पासून सामुदायिक औषधोपचार मोहिमा सुरू झाल्या. ते लक्ष्य गाठता आले नाही. आता २०३० या जागतिक मुदतीच्या आधी, २०२७ पर्यंत दुरीकरण करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. मोहिमा वर्षातून दोन टप्प्यांत, १० फेब्रुवारी व १० ऑगस्टपासून, राबवल्या जातात. जिल्ह्यांची विभागणी या दोन टप्प्यांत केलेली असते. गोळ्या हातात न देता कर्मचाऱ्यासमोर गिळण्यावर भर असतो.

महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर हा पूर्व विदर्भाचा पट्टा हत्तीरोगासाठी दीर्घकाळ ओळखला जातो. त्रिऔषध पद्धतीचा वापर देशात प्रथम सुरू झालेल्या मोजक्या जिल्ह्यांत बिहारमधील अरवल, झारखंडमधील सिमडेगा, उत्तर प्रदेशातील वाराणसी व कर्नाटकातील यादगीर यांच्यासह नागपूरचा समावेश होता. राज्यात हत्तीरोग नियंत्रण पथके व रात्र चिकित्सालयांमार्फत रात्रीचे रक्तनमुने घेतले जातात, तर आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन औषधसेवनाचे काम करतात.

निदान-संशोधनातही विदर्भाचा वाटा आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ यांच्या नेतृत्वाखाली मायक्रोफायलेरियापासून स्रवणाऱ्या प्रतिजनांवर दीर्घकाळ काम झाले. दिवसा घेतलेल्या रक्तावरून हत्तीरोग ओळखण्याच्या भारतातील प्रयत्नांत या कामाचे स्थान महत्त्वाचे आहे. पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने औषधमोहिमा, डीईसीमिश्रित मीठ व डासांमार्फत देखरेख या विषयांवर संशोधन केले आहे.

विकृती आलेल्या रुग्णांची सेवा

प्रसार थांबला तरी सुजलेले पाय पूर्ववत होत नाहीत. प्रसार रोखण्याइतकाच या रुग्णांच्या उपचाराचा प्रश्न महत्त्वाचा आहे व दुरीकरणाच्या मान्यतेसाठी तो सोडवणे बंधनकारक आहे. पाय रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडे करणे, बोटांच्या बेचक्यांतील भेगांवर मलम लावणे, पाय उंच ठेवणे, घोट्याचे व्यायाम करणे आणि योग्य पादत्राणे वापरणे या साध्या उपायांनी जीवाणूंचा संसर्ग टळतो व वारंवार येणारे तापाचे झटके कमी होतात. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया हा परिणामकारक उपाय आहे.

रक्तचाचणी येथे फारशी उपयोगी नाही, कारण विकृती दिसेपर्यंत अनेकदा कृमी मरून गेलेले असतात. म्हणून घरोघरी पाहणी करून रुग्णांची यादी करणे हेच निदान ठरते. संकोचामुळे स्त्रिया सूज लपवतात व पुरुष अंडवृद्धीविषयी बोलत नाहीत, त्यामुळे अशा याद्या अपुऱ्या राहतात. रुग्णांची नोंद अचूक कशी व्हावी, सूज प्रारंभिक अवस्थेतच कशी ओळखावी आणि तिची वाढ थांबवणारे औषध आहे काय, हे संशोधनाचे प्रश्न आहेत. २०३० पर्यंतच्या जागतिक आराखड्यात बाधित ७२ देशांपैकी ५८ देशांना दुरीकरणाची मान्यता मिळावी, असे उद्दिष्ट आहे. मान्यता मिळालेल्या देशांतही आधीच विकृती आलेल्या रुग्णांना पुढील कित्येक वर्षे उपचारसेवेची गरज राहते.